टोकाचं चाक

आषाढ अर्धा सरत आला की महाडात काही म्हणून वाळत नाही. टॉवेल, उशांचे अभ्रे, ऑफिसातल्या फायली, सगळ्यांना एकच वास येतो. रस्त्यात भेटणारा माणूस ‘कसं काय’ विचारायच्या आधी सावित्रीचं पाणी कुठवर आलं ते विचारतो. अशा दिवसांत कधीतरी विलासचा फोन येतो. विलास माझा धाकटा भाऊ. पोलादपूरच्या पुढे, कुडपणला जाणारा रस्ता डोंगर चढायला लागतो तिथे आमची बौद्धवाडी आहे. तिथे तो, त्याची बायको सुरेखा आणि आमची आई राहतात. मी महाडला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. फोनवर विलास पावसाचं बोलतो, लावणी कुठवर आली ते सांगतो आणि ठेवता ठेवता म्हणतो, “ताई, शनिवारी येतेस ना? येताना ग्रीस आण. पातळवालं.”

मग ऑफिस सुटल्यावर मी छत्री सांभाळत स्पेअरपार्टच्या दुकानात जाते. खांद्याला पर्स, चष्म्यावर पावसाचे थेंब. दुकानदार दर पावसाळ्यात नव्याने चकित होतो.

“मॅडम, कशाला पाहिजे? स्कूटीला?”

“चेनसॉला. पट्टीच्या टोकात भरायचंय.”

तो डबा काढून देतो. घरी आल्यावर मी झाकण जरासं सैल करून वास घेते. वास काही चांगला नसतो. जुन्या तेलाचा, लोखंडाचा, गॅरेजमध्ये लोंबणाऱ्या फडक्याचा वास तो. पण नाकात शिरला की माझे खांदे खाली येतात. शेवटचा पेपर देऊन पोरं वर्गातून बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ना, तसं काहीतरी माझ्या आत होतं. का होतं, ते सांगायचं तर एका पावसाळ्यात परत जावं लागेल.

त्याआधी त्या मशीनबद्दल थोडं. झाडं कापायचं पेट्रोलवरचं हे मशीन आता आमच्याकडे वाडीवाडीत माहीत आहे. मागे इंजिन, पुढे लांब लोखंडी पट्टी, आणि पट्टीच्या कडेने पळणारी दातांची चेन. लोकांची नजर चेनवर असते. पण पट्टीच्या अगदी टोकाला, दोन पत्र्यांच्या मध्ये लपलेलं एक छोटं दातेरी चाक असतं. पळत आलेली चेन त्या चाकावरून वळते आणि माघारी जाते. चाक बाहेरून जेमतेम दिसतं. त्याच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यातून आत ग्रीस द्यायचं. दिलं नाही तर भुसा, चीक, माती आत जाऊन बसते, चाक जाम होतं, आणि चाक जाम झालं की एवढं मोठं इंजिन नुसतं ओरडत राहतं. विलास या टोकाला ‘नाक’ म्हणतो. “मशीनचं नाक वाहतं राहिलं पायजे,” असं तो म्हणतो आणि सुरेखा दरवेळी तोंड वाकडं करते.

विलास मुंबईला फर्निचरच्या कारखान्यात होता. कारखाना बंद झाल्यावर तो गावी आला आणि आल्या आल्या त्याने हे मशीन घेतलं. पावसाळ्यात रस्त्यावर पडलेली झाडं, कुणाच्या कौलांवर झुकलेली फांदी, लग्नघरचं जळण, विलासला बोलावणं येई. वरच्या वाड्यांतूनही येई. खांद्यावर मशीन टाकून तो निघाला की आई दारात उभी राहून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत असे. तिला ते मशीन पहिल्यापासून आवडलं नव्हतं. “त्याचा आवाज ऐकला की मला घरात बसवत नाय,” म्हणायची.

आणि मग एका उन्हाळ्यात ती भीत होती तेच झालं. बांधावरचं एक झाड उतरवताना पट्टीचं टोक मागच्या, न दिसणाऱ्या फांदीला लागलं. टोकाची वरची बाजू कशाला आपटली की चालू मशीन उसळून माणसाच्या अंगावर येतं. विलासच्या डाव्या खांद्यापासून छातीपर्यंत फाटलं. त्याला महाडच्या दवाखान्यात आणलं तेव्हा मी ऑफिसातून धावत गेले. तो शुद्धीवर होता आणि हसायचा प्रयत्न करत होता. मला त्या हसण्याचीच जास्त भीती वाटली. टाके पडले, जखम भरली, हात पूर्वीसारखा वर जायला लागला. तो घरी आला त्या दिवशी आईने सगळ्यांसमोर सांगितलं, “ते मशीन माळ्यावर जातंय. मी हाय तोवर खाली उतरायचं नाय.”

मशीन गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. कुणी बोलवायला आलं की सुरेखा सांगायची, “आई नको म्हणतात.” त्यावर कुणी वाद घालत नसे. आईच्या शब्दापुढे आमच्या वाडीत कुणी जात नाही.

त्याच्या पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन महाडला झालं. मी रजा घेतली आणि तिला घेऊन वाडीवर गेले, कारण वेळेवर थेंब घालायचे, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, वाकू द्यायचं नाही, आणि आईला ‘नको’ म्हणायची छाती घरात माझ्याशिवाय कुणाला नव्हती. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा लावून ती पडवीत बसायची. दुसऱ्या डोळ्यानेही तिला अंधुकच दिसे. त्यामुळे तिने कान लावले होते. कोण आलं, कुणाच्या चपलेला चिखल आहे, कुठली गाय हंबरली, पलीकडे कुणाच्या चुलीवर कढई चढली, सगळं ती ऐकून सांगायची. मला ते दिवस बरे वाटत होते. किती वर्षांनी मी अशी तिच्याजवळ नुसती बसले होते! पाऊस कोसळत होता, विहारात वर्षावासाचं वाचन चालू होतं, लाऊडस्पीकरवरून येणारा वाचणाऱ्याचा आवाज पावसात मध्येच बुडून जायचा आणि पुन्हा वर यायचा. आई अर्धवट राहिलेलं वाक्य मनाने पुरं करायची.

मग पावसाने जोरच धरला. रात्रंदिवस एकच आवाज, पत्र्यांवर कुणी खडी ओतत असल्यासारखा. एका सकाळी सुरेखा पाणी बघायला म्हणून खाली गेली आणि धावतच परत आली. डोक्यावरचं प्लास्टिक वाऱ्याने उडालं होतं, केसांतून पाणी गळत होतं.

“मोरी तुंबली! वरनं अख्खी जांभळ आलीय व्हावत!”

आमच्या वाडीच्या खालून व्हाळ जातो. एरवी गुडघाभर पाण्याचा, बायका कपडे धुतात असा ओढा. त्याच्यावरून रस्ता जातो आणि रस्त्याच्या खाली पाणी जायची मोरी आहे. डोंगरात कुठेतरी काठावरचं एक जुनं जांभळाचं झाड मुळासकट उपटलं होतं आणि वाहत येऊन मोरीच्या तोंडावर आडवं अडकलं होतं. त्याच्या फांद्यांत बांबू, पालापाचोळा, कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा अडकला. बघता बघता बांध तयार झाला. पुढे जायला वाट नाही म्हणून पाणी मागे वाडीकडे फुगायला लागलं होतं. व्हाळाच्या काठी आमच्यातलीच काही घरं आहेत. त्यातलं सगळ्यात खालचं दत्तारामचं. दत्ताराम आमचा चुलतभाऊ. त्याच्या अंगणात पाणी आलं होतं आणि त्याची बायको धान्याची पिंपं विहारात हलवत होती.

विलास रेंज मिळते त्या टेकाडावर जाऊन फोन करून आला. जेसीबी निघाला होता, पण खालच्या रस्त्यावर दरड आली होती. ती दूर झाल्याशिवाय तो वर येणार नव्हता. माणसं कुऱ्हाडी घेऊन मोरीवर गेली. पण पाण्यात अर्ध्या बुडालेल्या ओल्या जांभळीवर कुऱ्हाड चालवणार कशी? पाय ठरत नव्हते. घाव घातला की पाणी उडायचं आणि कुऱ्हाड निसटायची.

थोड्या वेळाने दत्ताराम आमच्या पायरीशी आला. नखशिखांत भिजलेला. त्याने विलासकडे पाहिलं. विलास खांबाला टेकून उभा होता. दत्तारामच्या ओठावर काहीतरी आलं होतं, पण त्याने ते गिळलं. माझ्याकडे बघून, “ताई, आईच्या डोळ्याला बरं ना?” एवढंच विचारलं.

“बरं आहे रे.”

“बघतो,” म्हणाला आणि गेला.

त्याची पावलं चिखलात फचफचत लांब गेली. आई ऐकत होती. पाऊस आणि पावलं यांतून तिला काय काय ऐकू आलं असेल कोण जाणे. काळा चष्मा लावलेला चेहरा तिने विलासच्या दिशेने वळवला.

“विलास, काढ रे ते माळ्यावरचं.”

विलास जागचा हलला नाही. “तूच नको बोललीस ना?”

“बोलले.”

“मग?”

आई हळू, पण घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी नको बोलले म्हणून तू थांबलास, असं तुला वाटतंय काय? दवाखान्यातनं आलास तेव्हा दारातल्या मशीनकडं बघून तुझे हात कापत व्हते. लोक येनार, बोलवनार, आनि तू काय सांगनार त्यांना? म्हनून मी सांगितलं, आई नको म्हनते. माझ्या नावावर खपलं ते.”

मी विलासकडे पाहिलं नाही. सुरेखाने पाहिलं आणि ती डोळ्याला पदर लावत आत गेली. इतके दिवस आम्ही सगळे आईला भित्री समजत होतो.

“अजून कापतात, आई,” विलास म्हणाला.

“कापू देत. दत्तारामच्या घरात पानी शिरतंय. तुला जमनार नसंल तर तसं सांग, कोन काय बोलनार नाय. पन माझं नाव सांगू नको आता.”

विलास माळ्यावर चढला.

गोणपाट उलगडलं तेव्हा कुबट वास आला. अपघाताच्या दिवसाचा भुसा मशीनवर तसाच होता, चिकात घट्ट बसून काळा पडलेला. टाकीतलं पेट्रोल कधीच उडून तळाशी गोंद उरला होता. तो विलासने धुतला, प्लग पुसला, मोटारसायकलमधून पेट्रोल काढून त्यात ऑईल मिसळलं. दोरी ओढल्यावर इंजिन धापा टाकत का होईना, चालू झालं. आईने मांडीवरचा पदर मुठीत धरला. पण चेन हलेना. विलासने इंजिन बंद केलं, नट सोडवून पट्टी बाहेर काढली आणि टोकाला बोट लावलं.

“नाक जाम. एकदम गंजलंय. त्या दिवशी ग्रीस मारायचं राहून गेलं ना.”

त्या दिवशी सगळे दवाखान्यात, ग्रीस मारणार कोण होतं!

पडवीत वर्तमानपत्र अंथरून आम्ही दोघं समोरासमोर बसलो. खाली माणसांचा ओरडा ऐकू येत होता आणि आम्ही एवढ्याशा चाकाला धरून बसलो होतो. मला क्षणभर ते वेड्यासारखं वाटलं. पण दुसरा इलाज नव्हता. दिव्यासाठी ठेवलेलं रॉकेल सुरेखाने आणलं. मी थेंब थेंब चाकावर सोडलं. गेले काही दिवस आईच्या डोळ्यात औषध घालून माझा हात थेंबांना सरावला होता. ग्रीसच्या भोकात चिखलासारखं काहीतरी वाळून बसलं होतं. गोधडी शिवायच्या सुईने मी ते उकरून काढलं.

“आधी भोक पूस, ताई,” विलास म्हणाला. “नायतर घाण आतमधी ढकलशील.”

“पुसते.”

“कोरड्या फडक्यानं.”

“अरे पुसते म्हटलं ना!”

लहानपणी अभ्यासाला बसल्यावर आमचं असंच चालायचं. त्याच्याही लक्षात आलं असावं. त्याच्या ओठांच्या कडा हलल्या. रॉकेल मुरू दिलं. विलासने पेचकसाच्या मुठीने टोकावर हलके हलके ठोकलं, मग चाकाच्या एका दाताला पेचकसाचं पातं लावून जरा रेटलं. नाही. पुन्हा रॉकेल, पुन्हा ठोकणं. त्याचा हात कापत होता. पातं दातावरून सटकत होतं. मी पट्टी माझ्या गुडघ्यांत घट्ट धरली आणि काही न बोलता माझा हात त्याच्या हातावर ठेवला. आम्ही दोघांनी मिळून रेटलं. कट्ट असा बारीकसा आवाज झाला.

“हाललं,” आई तिकडून म्हणाली. आमच्याआधी तिला कळलं होतं.

पुढे काम सोपं होतं, तरी घाई करून चालणार नव्हतं. ग्रीसचा छोटा पंप सापडेना. मोटारसायकलसाठी आणलेलं ग्रीस घट्ट होतं, ते ऑईल घालून पातळ केलं आणि वासराला औषध पाजायच्या सिरिंजमध्ये भरलं. सिरिंजचं तोंड भोकावर दाबून धरायचं, थोडं आत सोडायचं, चाक फिरवायचं, पुन्हा सोडायचं. आधी दातांच्या मधून काळा राप बाहेर आला, डांबरासारखा. मग तांबूस, गंजाचा. मी फडक्याने पुसत होते आणि विलास फिरवत होता. किती वेळ ते माहीत नाही. शेवटी दातांच्या कडेने स्वच्छ, पिवळसर ग्रीस चोहोबाजूंनी उमटलं. विलासने बोटाने टिचकी मारली. चाक गरकन फिरलं आणि फिरतच राहिलं.

त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की बस्स. अजून काहीच झालेलं नव्हतं. झाड तिथेच होतं, पाणी चढतच होतं. पण एक अडलेली गोष्ट आमच्या हाताखाली सुटली होती. पट्टीच्या खाचेतली घाण काढून विलासने पट्टी उलटी करून बसवली. “एकच बाजू झिजत नाय मग,” तो म्हणाला. त्याने चेन चढवली, फडक्यात धरून ओढून पाहिली. चेन टोकाला वळसा घालून सुळकन परत आली.

आईने मोरीवर यायचा हट्ट धरला. मी डोळ्याचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, डॉक्टर रागावतील म्हटलं. “तू थेंब घाल नंतर,” म्हणाली आणि उठलीच. शेवटी रस्त्यावर, मोरीपासून लांब, प्लास्टिकच्या खुर्चीवर तिला बसवलं. सुरेखाने मोठी छत्री धरली. मी तिच्या पुढ्यात, मोरीकडे तोंड करून उभी राहिले. विलासच्या कमरेला दोर बांधला होता आणि दोराचं दुसरं टोक दत्ताराम आणि आणखी दोघंतिघं धरून होते.

त्याने मशीन चालू केलं. त्या आवाजाने काठावरची माणसं मागे सरकली.

“सांग मला,” आई म्हणाली.

“फांद्या कापतोय. कडेच्या.”

“पाय कुठं हायत त्याचे?”

“मोरीच्या कठड्यावर. घट्ट आहेत.”

“नाक?”

“काय?”

“मशीनचं नाक कुठं हाय? कशाला लागत नाय ना?”

माझी नजर तोवर विलासच्या चेहऱ्यावर होती. आईने विचारल्यावर ती पट्टीच्या टोकावर गेली आणि मग तिथून हलली नाही. एकेक फांदी सुटून पाण्याबरोबर मोरीत शिरत होती आणि पलीकडून बाहेर पडत होती. मग तो खोडाशी आला. खोड इतकं जाड होतं की पट्टी त्यात टोकापर्यंत गडप झाली. आता टोक कुणालाच दिसत नव्हतं, त्यालाही नाही. ओला लाल भुसा चिखलाच्या पाण्यात मिसळून उडत होता. बराच वेळ आवाज एकसारखा होता. मग तो जरासा बदलला. मला कळलंच नाही.

“घरघरतंय,” आई ओरडली. “सुमन, सांग त्याला, घरघरतंय ते!”

मी हात हलवले. विलासने पट्टी बाहेर काढली आणि दोर धरून रस्त्यावर आला. टोक तापलं होतं, त्यात गाळ शिरला होता. मी फडक्याने भोक पुसलं, सिरिंज लावली, चाक फिरवत फिरवत गाळ बाहेर येईस्तोवर ग्रीस सोडलं. पाऊस आमच्या पाठीवर आदळत होता. विलासच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. ते थंडीने निळे पडले होते, पण कापत नव्हते.

“होईल ना रे?”

“थोडंच राहिलंय, ताई.”

तो पुन्हा उतरला. पट्टी पुन्हा खोडात गेली. मग लाकूड मोडल्याचा मोठा आवाज आला, खोडाचा शेंड्याकडचा भाग पाण्याने उचलला आणि सगळीकडे तुषारच तुषार उडाले. मशीनचा आवाज थांबला. मला विलास दिसेना. दत्तारामच्या हातातला दोर एकदम ताणला गेला होता.

आईचा हात माझ्या मनगटावर आला. “आवाज का थांबला?”

मी टाचा उंचावून कठड्याकडे बघत होते.

“सुमन गो. आवाज का थांबला?”

तुषार खाली बसले. कठड्याच्या पलीकडच्या टोकाला विलास उभा होता. खोड सुटताना तो आमच्या बाजूला न येता मागे सरकला होता. एका हाताने त्याने कठडा धरला होता आणि दुसऱ्या हातात बंद केलेलं मशीन होतं, पट्टीचं टोक खाली करून.

“कापून झालं, आई.”

“उभा हाय?”

“उभा आहे.”

“दोन्ही पायांवर?”

“दोन्ही पायांवर उभा आहे गं.”

तेव्हा मोरीने पाणी ओढायला सुरुवात केली. मोठं जनावर पाणी पितं तसा आवाज. आम्ही सगळे तो ऐकत राहिलो. दत्ताराम दोर तसाच हातात धरून मटकन खाली बसला. त्याच्या अंगणातलं पाणी हळूहळू मागे सरत गेलं आणि जाताना चिखलावर पानं, काटक्या आणि एक जिवंत खेकडा ठेवून गेलं. विलास फेरा मारून आईपाशी आला. आईने त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि एकेक बोट चाचपून पाहिलं.

“सगळी हायत, आई,” तो म्हणाला.

“मला बघू दे.”

“तुला दिसतंय कुठं?”

त्यावर सुरेखा हसायला लागली, मग मी, मग आईसुद्धा. भर पावसात, रस्त्याच्या मधोमध, एका प्लास्टिकच्या खुर्चीभोवती आम्ही वेड्यासारखे हसत होतो. दत्तारामच्या बायकोने विहारातच चूल मांडून सगळ्यांना चहा दिला. तितका गोड चहा मी त्याआधी प्यायले नव्हते. विलासने चहा बाजूला ठेवला, आधी पट्टी काढून धुतली, खाच साफ केली आणि टोकात ग्रीस भरलं. मगच कप उचलला.

जेसीबी दुसऱ्या दिवशी आला आणि खोडाचा राहिलेला बुंधा ओढून घेऊन गेला. आईच्या डोळ्याला काही झालं नाही. डॉक्टर ‘छान’ म्हणाले. आम्ही मोरीची गोष्ट त्यांना सांगितली नाही.

त्यानंतर मशीन माळ्यावर गेलं नाही. ते पडवीत खुंटीला असतं. दर आषाढात मी ग्रीस घेऊन जाते आणि आम्ही दोघं वर्तमानपत्र अंथरून बसतो. आता नीट छोटा पंप आहे, सिरिंज वासराला परत मिळाली. तरी पुसायचं मी आणि फिरवायचं त्याने, हे तसंच आहे. मागच्या वर्षी मी त्याला विचारलं होतं, “आता भीती नाही वाटत?”

“वाटते की,” तो चाक फिरवता फिरवता म्हणाला. “पन असू दे. म्हनून तर टोकाकडं नजर राहते.” आणि मग काहीच न झाल्यासारखं, “इथं अजून थोडं सोड, ताई.”

मला त्याचं ते बोलणं फार बरं वाटलं. भीती गेली, असं तो म्हणाला असता तर मी महाडला परत जाऊन रात्रभर जागी राहिले असते.

त्या पावसाळ्याची आठवण निघाली की मला मोरी आठवते, ग्रीस आठवतं, पण सगळ्यात शेवटी आठवतो तो भाद्रपदातला एक दिवस. पावसाने उघडीप दिली होती. नदी उतरली होती. सगळ्यांचीच अंगं दुखत होती, विलासचे दंड तर अजून वर होत नव्हते. आई म्हणाली, “सवला जाऊया. गरम पान्यात बसलं की उतरंल सगळं.” म्हणून आई, विलास, सुरेखा असे तिघं सकाळीच महाडला आले, आणि मी सुट्टी टाकून त्यांच्याबरोबर सवच्या एसटीत बसले. खिडकीतून ऊन येत होतं. कितीतरी दिवसांनी कोरडा वारा तोंडाला लागत होता.

सवला नदीकाठी गरम पाण्याचं कुंड आहे; त्यातून वाफा निघत होत्या. आधी पाय टाकवेना. मग हळूहळू सवय झाली. आई काठावर बसून पाय पाण्यात सोडून होती. चष्मा निघाला होता आणि ती पाण्याकडे, झाडांकडे, नदीपलीकडच्या हिरव्या डोंगराकडे अशी बघत होती, जणू कुणी तिला हे सगळं नुकतंच आणून दिलं आहे. विलास आंघोळ करून, कोरडे कपडे घालून पायरीवर भिंतीला टेकून बसला. आम्ही बायका बोलत होतो. बोलता बोलता सुरेखा थांबली.

विलास झोपला होता. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे पडलेले. लहानपणी शाळेतून आल्यावर दप्तरावर डोकं ठेवून झोपायचा, तसा.

“घरात असा कधी झोपत नाय,” सुरेखा अगदी हळू म्हणाली. “मशीन अंगावर आलं तेव्हापासनं, वरीस झालं. जरा भांडं वाजलं की दचकून उठतो.”

रस्त्याकडून एसटीचा हॉर्न आला. आमची परतीची गाडी. नंतरची गाडी कधी आहे, आहे की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. मी पिशवी उचलली आणि विलासच्या खांद्याला हात लावायला वाकले.

“राहू दे गो,” आई म्हणाली. “जाऊ दे गाडी.”

मी पिशवी खाली ठेवली. गाडी थांबली, कुणीतरी उतरलं, कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी महाडकडे निघून गेली. आम्ही तिघी पुन्हा पाण्यात पाय सोडून बसलो.